आत्या मांगरात राहिल्या तेव्हा

माझ्या नवऱ्याच्या आत्या सुईला इतक्या भीत, की आमच्या कुंभारवाडा गावात नर्सबाई आल्याचं कळलं की कोयता घेऊन थेट रानात जात. बस उशिरा आली, कुत्रं रडलं, तरी त्यांचं एकच, "कायतरी हुतंय बघ." मला त्याचा वैताग येई.

सातव्या महिन्यात मी तपासणीसाठी माहेरी, खानापूरला गेले होते. तेवढ्यात नंदिगड्ड्याहून आत्यांच्या भाचीची मुलगी आली, त्यांच्या कुशीत झोपली, आणि घरी परतताच तिच्या अंगावर कांजण्या उठल्या. मी आले तेव्हा आत्यांनी मला फाटकाशीच अडवलं. "तिथंच थांब पोरी. मला शिवू नको."

नवऱ्याला लहानपणी कांजण्या येऊन गेल्या होत्या. मला नाही, आत्यांनाही नाही. त्यानं दांडेलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गरोदरपणात कांजण्यांची लस देता येत नाही. आत्यांना लगेच घेऊन या, उशिरा उपयोग नाही. आणि लस दिली तरी काही आठवडे त्यांना सुनेपासून लांब ठेवा."

"मग मीच माहेरी परत जाते," मी म्हटलं.

"ह्या रस्त्यानं? पोट घिऊन? न्हाई," आत्या म्हणाल्या. "मला मारू देत सुई."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं गेली. नवरा सांगत होता, सुई दिसताच आत्या उठून दारापर्यंत गेल्या. तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आपणच परत येऊन स्टुलावर बसल्या.

तिथून त्या घरी आल्याच नाहीत. शेतातल्या मांगरात, भाताचे भारे ठेवतो त्या खोपटात, राहिल्या. नवरा जेवण पोचवी. संध्याकाळी त्या बांधावर येऊन लांबूनच विचारत, "ताप न्हाई न्हवं तुला?"

"न्हाई. तुम्हाला?"

"मला काय हुतंय?"

एका संध्याकाळी त्या बांधावर आल्या नाहीत. नवरा पळत गेला. पोटावर हात ठेवून मी पायरीवर बसून राहिले. तो परतला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. आत्यांच्या अंगात कणकण होती, पाठीवर चार-पाच फोड आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. लसीमुळंच थोडक्यात निभावलं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

खपल्या गळाल्या, डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तेव्हा कुठं आत्या अंगणात आल्या. स्वतःच्याच घराच्या दारात उभ्या राहून विचारू लागल्या, "यिऊ काय गं आत?"

आत्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पण तो प्रश्न अजून कानात आहे. त्या दिवशी मी त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. आत बाळ हललं.

"हाय गं, बरं हाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच बसल्या.