पाहुण्यांसाठी राखलेले पेशंट

गावच्या दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, डॉक्टरसुद्धा. झाडणं-पुसणं, भांडी उकळणं, रडणाऱ्या पोराला धरून ठेवणं, सगळं तिच्याकडे. पण तिचा खरा तोरा बघावा तो परदेशी पाहुणे यायचे तेव्हा. दरवर्षी कुठून कुठून तरुण डॉक्टर मुलं-मुली यायची, फुकट सेवा करायची आणि परत जायची. मनानं चांगली होती बिचारी, खोटं कशाला बोला.

घोळ वेगळाच होता. पहिल्या वर्षी पाहुणे आले आणि दवाखान्यात चिटपाखरू नाही. मुलं माश्या मारत बसली आणि तोंडं पाडून गेली. तेव्हापासून डॉक्टरांनी शिस्तच घालून दिली: पाहुणे यायच्या आधी पेशंट राखून ठेवायचे. अगदीच अडलेलं असेल ते बघायचं, बाकीच्यांना थोपवायचं. थोपवायचं काम मावशीचं. ती दारातच उभी राहायची आणि म्हणायची, आत्ता कशाला, तिकडची औषधं येतायत, थांबा की जरा. गोड बोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता. लोक थांबायचे. पाहुणे येत तेव्हा दारात ही मोठी रांग! डॉक्टर खूश, पाहुणे खूश आणि मावशीची मान ताठ.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या तळपायात शिवणयंत्राची मोडकी सुई गेली. नवरा शिंपी, साखरेचा आजार जुना, पायाला काही कळायचंच नाही. मोजा ओला झाला तेव्हा कुठे लक्षात आलं. तिनं सुई काढली, पट्टी बांधली, पण जखम भरेना. शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखवून येतो, म्हणाला. तिनं उडवूनच लावलं. वेड लागलंय का, पाहुण्यांत यंदा पायांचा डॉक्टर आहे, पहिला नंबर तुमचाच लावते. डॉक्टरांनीही लांबूनच बघून मान डोलावली.

काही दिवसांनी त्यानं पुन्हा विषय काढला. तेव्हा मात्र ती भडकली. "माझाच नवरा शहरात पळाला, तर बाकीचे थांबतील का? चारचौघांत तोंडघशी पाडायचंय का मला?"

त्यानं शहराचं नाव सोडलं. भांडण हा त्याचा प्रांतच नव्हता. नेमकं पाहुण्यांचं येणं लांबलं. पाय काळवंडला, खोलीत वास यायला लागला. आणि ही बाई, काय म्हणावं हिला, खिडकी उघडी टाकून पाहुण्यांची वाट बघत राहिली.

एकदाचे पाहुणे आले. पहिला नंबर शिंप्याचाच लागला. पायांचा डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली. तिनं पट्टी सोडली आणि तिचा चेहराच पडला. आपल्या भाषेत ती काहीतरी भराभर बोलली. पाय वाचवता येणार नाही, आजच शहरात हलवायला हवं, असं डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं. मग मुलीनं मावशीकडे वळून काहीतरी विचारलं. तेही डॉक्टरांनीच सांगितलं: इतका उशीर का केलात? सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

मावशी सुटलेली पट्टी गोळा करायला लागली. तेवढ्यात टेबलावर पडलेला शिंपीच बोलला.

"त्यांना सांगा, मीच आलो नाही. ही रोज मागं लागली होती, मी ऐकलं नाही."

डॉक्टरांनी ते लगोलग तिकडच्या भाषेत सांगून टाकलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मावशीला घट्ट मिठी मारली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ती बोलली नाही.

पाय गुडघ्याखाली कापला. त्याला घरी आणलं तेव्हा शेजारणी भेटायला आल्या आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच फैलावर घेतलं. बायको दवाखान्यात कामाला आणि ह्याचा हेका बघा! तो खाटेवरून कसनुसं हसत म्हणायचा, चुकलंच माझं. मावशी चहा गाळत होती. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

उठता उठता एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी किती करणार गं!"

"हो ना," मावशी म्हणाली.