कोऱ्या कडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली तोवर सांगितलं नाही. आता तुम्हाला का सांगतोय? दमलो, म्हणून. दुसरं काही नाही.

गिरगावात एका कारखान्यात मी पॉलिशचं काम करायचो. सखारामदादा तिथला सुतार. मालवणकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तोंडाचा फटकळ. पण फळीवर नुसता अंगठा फिरवून ती किती सुकलीय ते सांगायचा. त्याच्या कपाटाच्या दाराला चौकट असायची आणि चौकटीच्या खाचेत बसवलेल्या फळ्या. आमच्यात रीत अशी, की फळी खाचेत बसवण्याआधीच तिला पॉलिश करायचं — कडांसकट. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड थंडीत आखडतं, खाचेत लपलेली कड जराशी बाहेर येते. ती कोरी राहिली असेल तर पांढरी रेघ दिसते. एवढंच. मला काय हे ठाऊक नव्हतं?

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते ते. एका वकिलाच्या मुलीच्या लग्नाचं कपाट — श्रावणातलं काम, आठ फळ्या. मी तोंडं चकचकीत केली, कडा सोडल्या. सभेची घाई होती, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो. छे! सभा संध्याकाळी होती. मला कंटाळा आला होता. दादानं विचारलं, "कडेक लावलंस मां रे?" मी हो म्हणालो. त्यानं बघितलंसुद्धा नाही, जोडून टाकलं.

पौषात रेघा उमटल्या. आठही फळ्यांना. वकील तणतणत आला — ओलं लाकूड गळ्यात मारलंत, म्हणाला. मालकानं मला विचारलं. ओल्या लाकडावर पॉलिश धरत नाही, पांढरं पडतं, असं मीच सांगितलं. खरंच आहे ते. पण — कळतंय ना, मी काय केलं ते?

दादा भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर किती बरं झालं असतं. उलट माझ्याजवळ येऊन बसला, आवाज पार खाली गेलेला. "माका खरा सांग रे, लाकूड ओला होता?"

"असेल दादा," मी म्हणालो. "थोडं."

तेव्हापासून त्याचा हात बिचकायला लागला. एकच फळी चारदा चाचपायचा, उन्हात नेऊन ठेवायचा, परत आणायचा, पुन्हा नेऊन ठेवायचा. शेवटी आपणहून काम सोडलं आणि माझगावला गोदीत खोकी ठोकायला गेला. एकदा मी भेटायला गेलो होतो. आंगठो मेलो रे माझो, म्हणाला — हसत म्हणाला. तेव्हा तरी बोलायचं ना? मी त्याला चहा पाजला आणि परत आलो.

दादा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. लाकूड सुकलेलं होतं. खडखडीत.