खोपट ते कॅफे, सर्व थांबे घेत

धाकू मेस्त्रींनी एकतीस वर्षं ठाण्यात खोपटच्या डेपोतून एसटी चालवली, त्यातली शेवटची चौदा मुरबाडच्या रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर माणूस गावी जाऊन आंब्याची कलमं लावतो. यांनी लाल बुलेट घेतली. बायको जया म्हणाली, जन्मभर लाल गाडीच चालवलीत, निदान रंग तरी बदलायचा.

एकट्याने किती फिरणार, म्हणून मेस्त्री मानपाड्याच्या एका बाइक क्लबात शिरले. बाकीचे बाराही जण तिशीच्या आतले, जॅकेटं घातलेले, ढोपरांना पॅड बांधलेले. त्यांचा म्होरक्या ऋतुराज. सरळगावच्या पुढे शेतात नवा कॅफे झालेला, तिथे रविवारी नाश्त्याला जायचं ठरलं. रस्ता पाठ असलेला माणूस म्हणून ऋतुराजने मेस्त्रींना सगळ्यात पुढे ठेवलं. नियम एकच: पुढचा थांबला की सगळ्यांनी थांबायचं.

म्हारळला मेस्त्री थांबले. मागे बारा गाड्या थांबल्या. मेस्त्रींनी आरशात बघितलं, जरा वेळ काढला आणि निघाले. कांब्याला तेच, रायत्यालाही तेच. शेवटी ऋतुराजने गाडी शेजारी आणून विचारलं, इंजिनाचा काही प्रॉब्लेम आहे का? मेस्त्री ओशाळले. थांब्याची शेड दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जात होता, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आता नाही थांबत, असं त्यांनी कबूल केलं.

गोवेलीला ते थांबले.

शेडमध्ये नऊ बायका बसल्या होत्या, भाचीच्या मुलाच्या बारशाला निघालेल्या. बसला अजून वेळ होता. त्यातल्या कलावतीबाईंनी मेस्त्रींच्या बसमधून चौदा वर्षं भाजीच्या पाट्या नेलेल्या. त्यांनी हेल्मेटातल्या मिश्या ओळखल्या आणि हात दाखवला.

"काय ओ डायवरदादा, आज गाडी बारकी आणली?"

थांब्यावर हात दाखवणाऱ्याला सोडून मेस्त्री आजवर कधी पुढे गेले नव्हते. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं खरं, पण तोवर कलावतीबाई मागे बसल्याही होत्या. बाकीच्या आठ जणींनी आपापली गाडी निवडली. बारशाच्या घुगऱ्यांचं पातेलं ऋतुराजच्या टाकीवर आलं. जास्तीची हेल्मेटं होती तेवढी काढली, उरलेल्यांनी पदर घट्ट बांधला, आणि वरात बैलगाडीच्या वेगाने निघाली.

बारशाच्या घरी जायला सरळगावच्या अलीकडच्या फाट्यावर वळायचं होतं. या फाट्यावर मेस्त्रींनी हजारदा बस उभी केलेली, पण आत कधी गेले नव्हते. आत गाव होतं, विहीर होती आणि अंगणात मांडव. एक म्हातारबाबा पुढे येऊन म्हणाले, तुम्ही दोन मिनिटं बस थांबवलीत म्हणून माझी दहावीची परीक्षा चुकली नाही. मेस्त्रींनी नीट बघितलं. बाबा त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे होते. सांगण्यात काहीतरी घोळ होता, पण त्यांनी हात जोडले आणि मान घेतला.

तिकडे ऋतुराजचे पॅड बघून बाळाच्या पणजीला वाटलं, पोरगा पडलाय. तिने त्याला खाटेवर बसवून दोन्ही ढोपरांना तेल चोळलं, तेही पॅडवरून. त्याला आधी लाज वाटली, मग झोप आली.

जेवल्याशिवाय कोणी सोडेना. कॅफेवाल्याचे फोन येत राहिले. त्याने तेरा जणांचा नाश्ता मांडून ठेवला होता. दुपारी तीनला क्लब तिथे पोचला तेव्हा एकाच्याही पोटात जागा नव्हती. नाश्ता बांधून घेतला आणि तेरा जणांत दोन कॉफ्या मागवल्या.

मेस्त्रींनी ऋतुराजला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पुढे ठेव, माझ्यामुळे तुमची राइड वाया गेली.

ऋतुराज ढोपराचा पॅड पुसत होता. तेल काही निघत नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "त्या पणजीने मला पाचवीला बोलावलंय. तिकडच्या पाव्हण्यांकडे आणखी एक बाळ यायचंय, त्याच्या. तुम्ही नसलात तर रस्ता कोण दाखवणार?"