पसाभर कोंड्याचा केरबा

गेल्या आठवड्यात शाहूपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात बसले होते. समोर स्क्रीनवर आमच्या घराण्याचा वंशवृक्ष... खऱ्या झाडासारखं खोड, फांदीफांदीवर नावं. शाहूवाडीकडच्या आमच्या गावी भावकीचा मेळावा होता आणि कोल्हापुरात राहते म्हणून छापून आणायचं काम माझ्याकडे.

नावं वाचता वाचता अडखळले. धोंडूबाईची धनश्री झाली होती. दगडूचा दिग्विजय. पणजोबांना सगळा गाव 'गुळव्या' म्हणायचा, कारण त्यांनी ढवळल्याशिवाय काहिलीतला गूळ उतरवत नसत... ते झाले होते गुणवंतराव.

आणि माझे सख्खे थोरले काका, केरबातात्या, जे अजून रोज पहाटे स्वतः म्हशीची धार काढतात, ते होते 'कीर्तिराज'.

दुरुस्ती तात्यांच्याच मुलाची, विश्वासदादाची. दादा पुण्यात इंजिनिअर आहे, मजकूर त्यानेच मेल केला होता. फोन केला तर म्हणाला, "तुला काय जातंय गं? कॉलेजात माझं पूर्ण नाव पुकारलं की मागच्या बाकावरची पोरं झाडू मारायची अ‍ॅक्शन करायची. आता माझ्या पोरांनी पण तेच बघायचं?"

माझं नाव सरळसाधं, त्याला कधी कुणी हसलेलं नाही. ज्याने सोसलं त्याला मी काय शिकवणार... पण 'छापा' म्हणायलाही तोंड उघडेना. दुकानदाराला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि गावी गेले. ज्यांचं नाव आहे त्यांनाच विचारावं म्हटलं.

तात्या सोप्यात बसले होते. शेजारच्या तांबोळ्यांच्या रशीदाआत्या सुपारी कातरत होत्या. दोघं एकाच वयाची, लहानपणापासूनची शेजारी.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोराला लाज वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे बाळ. माझं काय आता..."

झालं. माणूसच तयार आहे म्हटल्यावर माझा हट्ट कशासाठी? उठायलाच लागले होते, तेवढ्यात अडकित्ता थांबला.

"त्येला काय इचारतीस?" रशीदाआत्या म्हणाल्या. "त्यो इकलेला माल हाय. मालकाला इचार की!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या आजीची आधीची मुलं पाळण्यातच गेली होती. असं झालं की आमच्याकडे जन्मलेलं मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, केरात लोळवायचे... हे टाकून दिलेलं आहे, घेण्यासारखं नाही, असं मरणाला वाटावं म्हणून. मग दुसऱ्या घरच्या बाईने ते उचलायचं, किरकोळ काहीतरी देऊन विकत घ्यायचं, आणि आईने परक्याचं मूल म्हणून सांभाळायचं. म्हणून नाव केरबा.

तात्यांना उचललं ते रशीदाआत्यांच्या आईने, हलीमाआजीने. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण मालकी अजून चालू आहे हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं!

"पसाभर कोंडा दिलाय माझ्या आईनं. नाव बी तिनंच ठेवलं. इश्वासला म्हणावं, बदलायचं आसंल तर पयला आमचा कोंडा परत कर. मग ठेव राजा न्हायतर म्हाराजा."

तात्या गालातल्या गालात हसत होते. पण चेष्टेवर निर्णय कसा घ्यायचा? मी परत विचारलं, "तात्या, खरं सांगा. पोराला काय वाटतं ते सोडा. तुम्हाला काय वाटतं?"

तात्यांनी हसू आवरलं. मग म्हणाले, "केरबा म्हणून आईनं हाक मारली की व्हय म्हणायचो. ह्या कीर्तिराजाला हाक मारली तर व्हय कोण म्हणंल?"

परत येऊन मी 'केरबा' घातलं. आणि एकट्या केरबाने काय पुण्य केलंय म्हणून धोंडूबाई, दगडू, गुळव्या... सगळे आपापल्या फांदीवर परत बसवले. दादाला फ्लेक्सचा फोटो पाठवला, लपवून काही केलं नाही. त्याने लिहिलं, "बापाचं नाव तू ठरवणार?" आणि फॅमिली ग्रुप सोडला. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं.

काल मेळावा झाला. नावं वाचून दाखवायचं काम आधीच दादाकडे दिलेलं होतं. तो आला, माझ्याकडे न बघता माईक घेतला. दगडू वाचलं, धोंडूबाई वाचलं, हॉलमध्ये खुसखुस झाली. वडिलांच्या नावापाशी आला आणि थांबला... मला वाटलं, आता हा गाळून पुढे जाणार.

मागून रशीदाआत्यांचा आवाज आला, "आरं वाच की! आमचाच हाय त्यो!"

सगळा हॉल हसला. दादाने घसा साफ केला आणि वाचलं, "केरबा."

पहिल्या रांगेतून तात्या म्हणाले, "व्हय!"

दादाने तात्यांकडे पाहिलं. मग पुढचं नाव वाचलं... त्याचं स्वतःचं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

ही पोस्ट तात्यांना विचारून टाकतेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा, 'काळ बदललाय' हेही कमेंटमध्ये लिहा. नाव बदलणार नाही. हलीमाआजी, तुमच्या पसाभर कोंड्यावर आमची एक अख्खी फांदी उभी आहे.