दिसतं तेवढंच

"नमुना आला. पडवळ, एक. लांबी बेचाळीस सेंटिमीटर. पृष्ठभाग गुळगुळीत, पांढऱ्या रेघा. एका टोकाला बाक."

आमच्या ओट्यापाशी उभी राहून आमची शेजारीण हे आधी इंग्रजीत म्हणायची, मग माझ्या बायकोसाठी मराठीत. मग माझ्याकडे बघायची. मी टेप लावायचो. बांधकाम कंपनीत माझं काम मोजमापाचं, त्यामुळे टेप घरीही हाताशी असते. एक सेंटिमीटरची चूक निघाली तरी ती स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून घ्यायची.

"अगं, आज भाजी होणार आहे की रिपोर्ट?" बायको विचारायची.

इथं आखातात, अबू हमूरमधल्या आमच्या व्हिलाचे मालकानं चार भाग केले आहेत. मागच्या भागात ती आणि तिचा नवरा राहायचे. दोघं श्रीवर्धनकडचे. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती आणि पॅथॉलॉजिस्टची सहाय्यक होण्याचं प्रशिक्षण घेत होती. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी कुणाला तरी तो मोजावा लागतो, त्याचं वर्णन करावं लागतं, नेमक्या जागी कापावा लागतो. ते काम ती शिकत होती. आमचं घर शाकाहारी, म्हणून सराव पडवळावर आणि ढोबळ्या मिरचीवर.

वर्णन मायक्रोफोनमध्ये बोलून करायचं असतं. मोठे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले की हिचा आवाज जायचा. एकदा घाबरून ती मध्येच "सॉरी" म्हणाली आणि टायपिस्टनं तेही रिपोर्टात टाकलं. ते सांगताना ती हसत होती, पण हातातली सुरी तिनं खाली ठेवली होती.

तिचा एक नियम होता: दिसतं तेवढंच सांगायचं. चांगलं, वाईट, हे तिचं काम नाही, ते डॉक्टरांचं. हा नियम ती घरीही पाळायची. मी जुनी गाडी बघून आलो तेव्हा हौसेनं तिला विचारलं, कशी वाटते. ती गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "मागच्या बंपरवर ओरखडा, अकरा सेंटिमीटर, कडा अनियमित." बायकोनं केलेल्या लाडवालाही तिनं कधी छान म्हटलं नाही. गोल, पिवळसर, कापल्यावर रवाळ, असं म्हणून तिसरा उचलायची. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याची आपल्याला इतकी सवय होते की आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही.

मी तिच्याकडे नीट बघायला लागलो ते बायकोच्या मानेतली गाठ निघाली तेव्हा. थायरॉइडचा अर्धा भाग काढला. तो तपासायला जाणार होता शेजारणीच्याच प्रयोगशाळेत.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती नारळाची वाफवलेली गोड सांदणं घेऊन आली. बायकोच्या मानेला पट्टी होती. सांदणं ताटलीत काढली गेली, आणि ती त्यांच्याकडे बघत गप्प बसली. आकार नाही, रंग नाही.

मी एक वेडेपणा केला. फ्रिजमधून पडवळ काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं. वाटलं, बोलायला लागली की आवाजावरून काहीतरी कळेल. तिनं पडवळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"छान आहे पडवळ, भाऊ."

छान. इतक्या दिवसांत हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

ती निघाली तसा मी गेटपर्यंत मागे गेलो. विचारलं, तू गाठ पाहिलीस ना?

"भाऊ, हे मला विचारू नका."

"वाईट नाही, एवढं तरी सांग."

"मी बोलले तरी तुम्ही अर्थ काढाल, नाही बोलले तरी काढाल. मी दुआ करतेय." आणि ती आत गेली.

मग मी त्या दुआचाही अर्थ काढत बसलो. गाठ साधी असेल तर कुणी दुआ कशाला करेल? पुढचे दिवस मी तिच्या चालण्याचा, दार लावण्याचा, दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हिशेब मांडत होतो. हिशेब रोज वेगळा यायचा. बायको मला म्हणाली, "गाठ माझी होती. तुम्ही निदान जेवा."

रिपोर्ट सर्जननं आम्हाला वाचून दाखवला. कॅन्सर नव्हता. उरलेल्या अर्ध्या भागात सोनोग्राफीत बारीक ठिपके दिसले होते, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी.

संध्याकाळी ती कामावरून आली ती आमच्या दारात थांबली. बायकोनं टेबलावरचं केळं उचललं आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं, "नमुना आला. केळं, एक. साल पिवळी, ठिपके तपकिरी, देठ काळा."

ती उंबऱ्यावरच खाली बसली आणि ओढणी तोंडावर धरून रडली. बऱ्याच वेळानं नाक पुसून म्हणाली, "वहिनी, लांबी राहिली."

त्या दिवशी तिनं सांगितलं. गाठीच्या डबीवरचं बायकोचं नाव वाचून ती लगेच बाजूला झाली होती आणि काम दुसऱ्याकडे गेलं होतं. तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

"मग तसं सांगायचंस ना," मी म्हणालो.

"विश्वास ठेवला असता तुम्ही?"

नसता ठेवला.

पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली आणि मस्कतला नोकरी मिळून दोघं गेली. मागच्या भागात आता एक केरळी कुटुंब राहतं. पडवळ आमच्याकडे हल्ली कापलं जातं ते नुसतं भाजीसाठी.

दर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला जातो. डॉक्टर मान चाचपतात आणि मी त्यांच्या भुवया बघतो. मग सोनोग्राफीचा निकाल येईपर्यंत बाहेर खुर्च्यांवर बसायचं. बायको विचारते, काय वाटतं तुम्हाला? मी म्हणतो, दिसतं तेवढंच सांगतो. बाई, एक. चष्मा. मानेवर व्रण, पाच सेंटिमीटर, कडा जुळलेल्या. डाव्या हाताची पाच बोटं माझ्या मनगटावर, घट्ट.