थोरल्या राजपुत्राची नवरी
भाजलेल्या जवाच्या चहाचा वास आला की जपानमधल्या इचिकावातली ती दुपार आठवते. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली होती. ती टीव्हीवर चिनी राजघराण्याची मालिका बघायची, आणि खालची जपानी अक्षरं वाचून मी तिला मराठीत सांगायचो. दोन राजपुत्रांत गादीवरून वैर होतं. धाकट्याचं वैद्याच्या मुलीवर प्रेम. त्या दिवशी राजानं तिला दरबारात बोलावलं. मी काही सांगायच्या आधीच आई म्हणाली, "आता थोरल्याला देतील तिला." तसंच झालं. "तुला कसं गं कळलं?" मी हसून विचारलं. "थोरल्याचं राहिलं असताना धाकट्याचं कुठं करतात? मला पसंत केलं होतं तुझ्या काकांनी, मागणी आली ती तुझ्या वडिलांसाठी," असं म्हणून ती पडद्याकडेच बघत राहिली. काकांनी लग्न केलं नाही. मी घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्याच कष्टांवर. यंदा आईच्या वर्षश्राद्धाला त्यांचा फोन आला. "पानात काय वाढलंस?" "पुरणपोळी." "तिला गोड नाही रे आवडायचं. शेंगदाण्याची चटणी वाढ थोडी," काका म्हणाले.