टॅप्सेलबुवांनी केलेला पाय

इंग्लंडातल्या लडलो गावी, जुनं फर्निचर दुरुस्त करण्याच्या आमच्या कारखान्यात मी सोफ्यांच्या गाद्या भरतो आणि विल्फ्रेड टॅप्सेल लाकडावर सोन्याचा वर्ख चढवतात. वर्ख इतका पातळ, की कुणी शिंकलं तर सकाळभराची मेहनत खिडकीबाहेर. बोटांनी धरवत नाही, म्हणून बुवा खारीच्या केसांचा कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवतात. गालाचं तेल लागलं की वर्ख अलगद उचलला जातो.

चाळीस वर्षांत त्यांचं कुणी कौतुक केलं नाही. दुरुस्ती चांगली झाली तर दिसत नाही, दिसली तर शिव्या.

मार्चमध्ये जवळच्या एका हवेलीतला सोफा आला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा, फिकट हिरवा, पाठीवर रंगवलेल्या फुलमाळा, सोनेरी पाय. पाय रोमच्या खांबांवरून उचललेले, माळा ग्रीक रांजणांवरून, दोन्ही आले फ्रान्समार्गे. आणि आम्ही छाती फुगवून म्हणतो, अस्सल इंग्रजी!

लंडनहून तो तपासायला जुन्या फर्निचरचे तज्ज्ञ डॉक्टर लॉक्सले आले. भिंग घेऊन जमिनीवर बसले आणि मागच्या डाव्या पायापाशी थांबले.

"हाच तो मूळ कारागिराचा हात! बाकीचे तीन पाय नंतरच्या कुणा खेडवळाचे. ते खरवडा आणि याच्यासारखे करा."

बुवा आधी लाजले, मग पांढरे पडले.

"साहेब, तो पाय माझा आहे. मागे हा सोफा इथे आला तेव्हा मूळचा किड्यांनी पोखरला होता, मी नवा केला. जुने आहेत ते तीन."

"मिस्टर टॅप्सेल," डॉक्टर हसले, "या वयात बरंच काही आपलंच वाटतं."

मी कुजबुजलो, "विल्फ, गप्प बसा की. जन्मात पहिल्यांदा कुणी वाखाणतंय."

"मला कुठे? त्या मेलेल्या कारागिराला वाखाणतोय. आणि त्याचेच पाय खरवडायला सांगतोय!"

बुवांनी पातं उचललं आणि स्वतःच केलेल्या पायावर चालवलं. सोनं गेलं, सोन्याखालची तांबडी माती गेली, तिच्याखालचा खडूचा थर गेला. खाली कोऱ्या लाकडावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: 'डब्ल्यू. टॅप्सेल, जून १९८८. गुडघे दुखतायत.' आमच्यात कारागीर सही करतो ती अशीच, कुणी वाचू नये अशा जागी.

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.

"त्या तिघांना हात लावू नका," ते म्हणाले. मग भिंग खिशात ठेवत, "आणि हा पाय पुन्हा सोनेरी करताना, मिस्टर टॅप्सेल, कृपा करून इतका चांगला करू नका."

बुवांनी हे वाक्य घरी बायकोला जसंच्या तसं ऐकवलं.

ती म्हणाली, "म्हणजे तक्रारच की."